हसुरामबाबांची दुसरी हळद

८ फेब्रुवारी

विमलआतेस,

हे पत्र किमया वाचून दाखवणार हे मला माहीत हाय, म्हणून पहिलं तिलाच सांगतो. किमये, जसं लिहिलंय तसं वाच. मधलं गाळू नको, आजीला बरं वाटावं म्हणून तुझ्या पदरचं घालू नको. आणि मला काका म्हणू नको. नात्यानं असेन, पण तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनीच मोठा हाय.

आते, तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितोय. शाळा सोडल्यावर एवढं लिहायची ही पहिलीच वेळ. किमया म्हणाली, आजी विचारते, फोनात हरेशच बोलतोय कशावरून? माझा आवाज माझ्याशिवाय गातो, मग त्याचा पण त्याच्याशिवाय बोलत असेल. यावर काय बोलणार? बोललो असतो तरी फोनवरच बोलावं लागलं असतं.

मी बरा हाय. केरळातलं बंदर हाय हे. धरमतरला बार्ज लागतात तसं नाय, इथं जहाज आलं की अर्धं आभाळ झाकतं. जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात, लोखंडी दांड्यांनी आवळलेले. त्या दांड्या सोडवायच्या, एवढंच माझं काम. सोडवल्या की वरून क्रेन येते आणि उचलून नेते. क्रेनमध्ये माणूस नाय. चालवणाऱ्या पोरी लांब एका एसी खोलीत बसून टीव्हीवर बघून चालवतात. इथल्याच कोळ्यांच्या पोरी हायत. एकीला कँटीनमध्ये बघितलं, तिच्या बापाची अजून होडी हाय. मी इथं टिकलोय हे वाचून तू हसशील. बार्ज सोडला, धाटावची कंपनी सोडली, गुजरातचं मुंद्रा सोडलं, पण इथं पावसाळ्यापासून हाय.

खोलीत माझ्याबरोबर रोह्याचा फैजल हाय. गल्फचा व्हिसा येईपर्यंत इथं दिवस काढतोय. परवा माझ्या फोनमधून तुझा आवाज येत होता, तर म्हणाला, "कोण रे ही बाई? रडते का गाते?"

म्हटलं, "माझी आते हाय. धवला म्हणते."

मग त्याला सगळं सांगावं लागलं. आमच्या आगऱ्यांत लग्नाला भटजी मागाहून, पहिली धवलारीण. हळदीला ती पाटावर बसणार, धवले म्हणणार, देवांना बोलावणार, जात्याला, मुसळाला, उंबराच्या फांदीला गाण्यातून सांगणार की या घरात लग्न हाय. तिनं म्हटल्याशिवाय हळद लागत नाय. आता अशा बाया सगळ्या खारेपाटात शोधाव्या लागतात, आणि त्यात आमची विमलआते एक नंबर.

फैजल म्हणाला, "म्हणजे तुमची काझी."

"काझीच. पण गाणारी."

"मग काझी मोबाईलमध्ये कशी शिरली?"

ते त्याला सांगितलं. तुला सांगायची गरज नाय, पण प्रणितची बाजू तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतली नाहीस म्हणून पुन्हा सांगतो. त्याचं रामवाडीचं साऊंडचं दुकान, त्याचेच माइक, त्याचीच मशीन. इतकी वर्षं हळदीला तुझ्यासमोर माइक तोच धरायचा. ते सगळं त्याच्याकडं साठलेलं होतं. त्यानं ते एका अॅपला ऐकवलं, आणि अॅप तुझ्यासारखं गायला शिकलं. नवऱ्याचं नाव टाका, नवरीचं टाका, गावाचं टाका, घरातल्या माणसांची टाका, चहा होईपर्यंत त्या घरचा धवला तयार. पेणपासून रोह्यापर्यंत तो वाजतोय. लोकांना आवडलंय. एकाच दिवशी तीन मांडवांत तू असतेस.

तुझे गुडघे धरलेत. जीपमध्ये मागं बसून रोह्याकडं जायला तुला नको होतं. आता घरी बसून नाव तुझंच होतंय. यात वाईट काय, मला खरंच कळत नाय.

प्रणितचं एवढंच म्हणणं हाय की त्याच्याकडं हळदीचे आणि हाकेचे धवले हायत, पण जात्याचे आणि नवरी न्हाऊ घालायचे नायत. ते तू एकदा त्याच्या दुकानात बसून म्हटलेस की काम पूर्ण होईल. दुकानात एसी हाय. येताना-जाताना गाडी पाठवतो म्हणालाय.

विचार कर.

हरेश


२७ फेब्रुवारी

आते,

किमयेचं पत्र मिळालं. वहीचं पान फाडून लिहिलंय, मागं कसलं तरी अकाउंट्सचं गणित हाय, ते चुकलेलं वाटतं.

तुझं उत्तर तिनं जसंच्या तसं लिहिलंय. "आवाज नेला, आता तोंड बी ने म्हणावं, काचेत ठेव दुकानात." हे मी प्रणितला फोनवर वाचून दाखवलं. तो हसला नाय.

पुढचं मला माहीत नव्हतं. तू घरात पण गात नाहीस म्हणे. भांडी घासताना तुझं गुणगुणणं बंद झालंय. लग्नाचं विचारायला कोण आलं तर सांगतेस, "मी हाय ना त्या पोराच्या डब्यात, माजं काय काम?" आणि लोक खरंच रामवाडीला जातात.

शेजारच्या हळदीचं पण तिनं लिहिलंय. तू तुझ्या ओट्यावर बसली होतीस आणि कुंपणापलीकडून स्पीकरमधून तूच गात होतीस. मधे तुला खोकला आला आणि तेवढ्यात स्पीकरमधून पण तोच खोकला आला. त्या अॅपनं तुझा खोकला पण शिकून घेतलाय, दर वेळी त्याच ठिकाणी खोकतं. किमयेला हसू आलं. तू उठून आत गेलीस.

मला पण हसूच आलं असतं, खोटं कशाला बोलू.

हे बघ आते. असल्या क्रेन आधीच्या बंदरांत माणसंच चालवायची, वर काचेच्या पेटीत दिवसभर वाकून बसून. मुंद्राला एकजण होता, त्याची मान कायमची पुढं आलेली. इथल्या पोरी सुटल्या ना त्यातून? तू पण सुट, एवढंच मी म्हणतो. इथं सगळंच असं हाय. मेसवाल्याला मराठी येत नाय, मला मल्याळम येत नाय. मी फोनला मराठीत सांगतो, फोन त्याला मल्याळममध्ये सांगतो, बाईच्या आवाजात. तो उत्तर फोनकडं बघून देतो, लाजून. माझ्याकडं बघत पण नाय. मासळीचा तुकडा मात्र मोठा वाढतो. फैजल म्हणतो, तुझ्या फोनचं लग्न लागणार त्याच्याशी, आतेला बोलाव.

प्रणितला दुसरी गाडी घ्यायची हाय, रोह्याच्या बाजूला फिरायला. त्याला विश्वासाचा माणूस पाहिजे. ते आपलं बोलायचं झालं म्हणून बोललो. त्याचा या पत्राशी संबंध नाय.

मी पण ते अॅप मागवून घेतलंय. बघू तरी काय हाय म्हणून. जेवणाच्या सुट्टीत कंटेनरच्या सावलीत बसून ऐकतो. चांगलं हाय. तुझ्यासारखंच हाय. तू फोन घेतला असतास तर मला ते लागलं नसतं.

जात्याच्या धवल्यांचं काय ते कळव.

हरेश


२२ मार्च

आते,

तुझ्या अंगणात रोह्याची माणसं येऊन गेली हे मला प्रणितकडून आधी कळलं, किमयेचं पत्र नंतर आलं. प्रणितचा फोन आला तेव्हा मी जहाजावर होतो. तिथून उतरल्यावर लावला, तर रडत होता. "हऱ्या, केस होईल काय रे माझ्यावर?" एवढंच विचारत होता.

दोघांचं जोडून मला जे कळलं ते लिहितो, चुकलं असेल तर कळव.

रोह्याच्या अलीकडं नदीकाठच्या गावात हळद होती. नवऱ्याच्या दोस्तांनी अॅपमध्ये नावं भरली. तिथं एका ठिकाणी विचारतं, घरातल्या मोठ्या माणसांची नावं टाका. पोरांनी टाकली. त्यात नवऱ्याच्या आजोबांचे भाऊ, हसुरामबाबा. ते तर पुढच्याच खुर्चीत बसलेले, नवी टोपी घालून. आणि स्पीकरमधून तुझा आवाज आला:

ये रं हसुराम बाबा, मांडवाच्या दारी ये,
पान तुजं मांडलंय, पानावर बस ये.

बायकांचे हात हळदीत होते तिथंच थांबले. हसुरामबाबा उठून उभे राहिले. म्हणाले, "मना बोलावलं विमलनं." टोपी काढली, खुर्चीवर ठेवली आणि घरात जाऊन झोपले. त्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून पडलेत. चहा तेवढा घेतात. रोह्याच्या डॉक्टरनं बघितलं, बीपी बरोबर, शुगर बरोबर. नातू मोबाईल घेऊन समजवायला गेला, बाबा ही मशीन हाय, हे बघा, तुमचं नाव काढतो, दुसरं टाकतो. तर म्हणाले, "मशीन असंल. पण आवाज विमलचा हाय. तिनं बोलावलं की जावं लागतं."

मग ती माणसं गाडी भरून तुझ्या दारात. "तू बोलावलंस, तूच परत पाठव." तू म्हणालीस, "मी त्या दिवशी घरात भाकऱ्या थापत व्हते." त्यावर त्यातली एक म्हातारी म्हणाली, "तू भाकऱ्या थापत असशील गो, तुजा आवाज तर आमच्या मांडवात व्हता." ती हसुरामबाबांची बायको होती, असं किमया लिहिते.

तू दार लावून घेतलंस.

माझं विचारशील तर म्हातारा नाटकी हाय. माझ्या आजोबांसारखा. लग्नात कोण लक्ष देईना म्हणून झोपला असेल. दोन दिवस कोणी विचारलं नाय की उठेल. अॅपनं विचारलं म्हणून पोरांनी नाव टाकलं, त्यात प्रणितचा पण दोष नाय आणि तुझा तर नायच. इथं हजेरीला फोनसमोर चेहरा दाखवावा लागतो. मी दाढी काढली त्या दिवशी तो म्हणाला, हा हरेश नाय. मी काय झोपून राहिलो? सुपरवायझरला ओरडून सांगितलं, मीच हाय. एक दिवस भांडलो, संपलं.

लग्नात नाव घेतलं यात एवढं मरण्यासारखं काय हाय ते मात्र किमयेला नीट लिहायला सांग. मला ते कळलेलं नाय.

हरेश


९ एप्रिल

आते,

किमयेनं नीट लिहिलं. तुझ्या तोंडचं हाय ते, मला अक्षरातून पण तुझा आवाज आला:

"त्याला सांग, धवल्यात नाव दोघांचंच येतं. एक नवरा-नवरीचं, नि एक गेलेल्यांचं. बाकीचे जितेजागते समोर बसलेले असतात. समोर बसलाय त्याला हाक कशाला मारायची?"

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या हळदींना जेवलो, पण ऐकत कोण होतं? आम्ही पोरं डीजे कधी लागतो त्याची वाट बघायचो. प्रणितला पण माहीत नव्हतं, इतकी वर्षं माइक धरून. त्याला वाटायचं मोठ्या माणसांचा मान म्हणून नाव घेतात. अॅपला कुठून माहीत असणार? जिवंत म्हाताऱ्याचं नाव तू कधी घेतलंच नाहीस, म्हणून त्याच्याकडं नावाला एकच चाल होती. त्यानं तीच लावली. बाकीच्या घरी जाणत्या बायांनी नावं भरली असतील, गेलेल्यांचीच.

हसुरामबाबा आता चहा पण घेत नायत, पाजली तर घोटभर पेज तेवढी, असं तिनं लिहिलंय. त्यांची बायको पुन्हा आली होती, या वेळी एकटी, एसटीनं. ओट्यावर बसली, पाणी पिऊन गेली. आणि तू किमयेला म्हणालीस, "मी तिकडं गेले तर त्या डब्याचं गाणं माजं ठरतं. मी नाय गेले तर त्या म्हाताऱ्याचं मरण माजं ठरतं."

किमये, इथून पुढचं सावकाश वाच.

आते, मागं मी लिहिलं होतं की अॅप मागवून घेतलं. त्यात मी काय टाकलं ते लिहिलं नव्हतं. लग्न तर कुणाचं नव्हतं. नवरा-नवरीची जागा मोकळी सोडली. घरातल्या माणसांच्या जागी माझंच नाव टाकलं. सहज. आणि तू म्हणालीस:

ये रं हरेश बाला, मांडवाच्या दारी ये,
पान तुजं मांडलंय, पानावर बस ये.

मधे खोकलीस पण.

मला वाटलं घरी बोलावतेयस. मी ते जवळजवळ रोज ऐकलंय. डबा उघडायचो, ते लावायचो, जेवायचो. कानातलं एक मी घालायचो, एक फैजल. त्याला शब्द पाठ झाले होते. परवा त्याला किमयेचं पत्र वाचून दाखवलं. त्यानं कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "हरेश, हे बंद कर बाबा." एरवी तो कशाला घाबरत नाय.

मला काय झालेलं नाय. जेवण जातं. मागच्या आठवड्यात वरून एक दांडी सुटून माझ्या बाजूला पडली, पण तशी ती कुणाच्या ना कुणाच्या बाजूला पडतच असते. ऐकणं मात्र बंद केलं. आणि हसुरामबाबांना मी नाटकी म्हणालो ते मागं घेतो. त्यांनी एकदाच ऐकलं, आणि समजून ऐकलं. मी न समजता किती वेळा.

तू जावंस का न जावंस हे मी सांगत नाय. मी कोण सांगणारा, एवढ्या लांबून. फक्त जात्याचे धवले प्रणितला देऊ नको. मी त्याला तसं सांगितलंय. तो म्हणाला, मग गाडीचं काय? म्हटलं, गाडीला दुसरा माणूस बघ. मागं बोललो होतो ना की संबंध नाय, तो होता. रामवाडीला येऊन राहायचं माझ्या डोक्यात होतं, त्याच्याबरोबर. आता नाय.

पाणी तापायला लागलंय इथं. म्हणजे उन्हानं नळातलं. तिकडं पण असेल.

हरेश


१० मे

आते,

किमयेचं मोठं पत्र आलं. पोरगी लिहिते चांगली, अकाउंट्स सोडून हेच कर म्हणावं. फैजलनं पण वाचून घेतलं, दोनदा. त्याचा व्हिसा आलाय, पुढच्या महिन्यात जाईल. म्हणाला, हे पत्र मला दे. दिलं नाय.

माझं मागचं पत्र किमयेला पूर्ण वाचता आलंच नाय म्हणे. माझ्या नावाची हाक वाचली आणि तू उठलीस. "आमच्या पोराला बी बोलावून ठेवलंय गो त्या डब्यानं," एवढंच म्हणालीस, लुगडं नीट केलंस आणि रोह्याची गाडी कधी हाय विचारलंस. म्हणजे पुढचं, प्रणितचं आणि गाडीचं, तिनं तुला नंतर वाचून दाखवलं असेल. का नसेल, असू दे.

एसटी नव्हती म्हणून प्रणितलाच बोलवावं लागलं. साऊंडच्या टेम्पोत पुढं तू, मधे किमया. नागोठणं आलं. मग प्रणित म्हणाला, "आते, चुकी झाली." तू म्हणालीस, "समोर बघून चालव, म्हस हाय." खरंच होती म्हणे.

पुढचं मी इथं पुन्हा लिहितोय. तुला माहीत असलेलंच हाय, पण मला माझ्या हातानं लिहून बघायचंय.

भर दुपारी तुम्ही पोचलात. हसुरामबाबा भिंतीकडं तोंड करून. घरातल्यांना वाटलं आता तू काहीतरी उतरवणार, लिंबू-नारळ मागणार. तू हळद मागितलीस. आणि सगळ्यांचे फोन. अंगणात पाण्याचं एक रिकामं पिंप होतं, त्यात सगळ्यांनी टाकले, प्रणितनं दोन्ही टाकले, वर पाट ठेवलास. आत कुणाचा तरी वाजत राहिला, कोणी काढायला गेलं नाय.

मग तू त्यांच्या खाटेशी जाऊन म्हणालीस, "हसुरामदादा, उठ. हळद हाय."

ते भिंतीलाच म्हणाले, "कुणाची?"

"तुजी."

त्यांची बायको म्हणाली, "अगो विमल, या वयात? नि मी कुठं जाऊ?"

"तू बी बस बाजूला. दुसरी नवरी कुठून आणू मी?"

तेव्हा हसुरामबाबा म्हणाले, "दुसरी आणत असशील तर उठतो."

किमया लिहिते, त्यांची बायको हसली पण आणि लाटणं पण उचललं. लग्नघर ते, आधीची तोरणं अजून लटकत होती. शेजारणी गोळा झाल्या. दोघांना पाटावर बसवलं. आता मला कळतं तू काय केलंस. जिवंत माणसाचं नाव धवल्यात घ्यायचं तर एकच जागा हाय, नवऱ्याची. तिथं तू त्यांना नेऊन बसवलंस.

हलद लागली गो हलद लागली,
हसुराम नवऱ्याला हलद लागली.

इतक्या महिन्यांनी तोंड उघडलंस. आवाज बसलेला. दुसऱ्या ओळीला फाटला. बायकांनी धरून घेतला, तू पुन्हा वर काढलास, पुन्हा फाटला. हसुरामबाबांनी मान वळवून तुझ्याकडं बघितलं, म्हणाले, "हां. ही विमल. तो आवाज लई गोड व्हता." नाकापर्यंत हळद होती त्यांच्या. मग म्हणाले, सुकट भाजा. बायको म्हणाली, हळदीच्या अंगानं सुकट मागतो, लाज नाय. पण भाजली. भाताबरोबर खाल्ली, आणि मागून घेतली.

याचा व्हिडिओ नाय. इथं रोज कशाचा ना कशाचा व्हिडिओ येतो मला, कुणाच्या बारशाचा, कुणाच्या कोंबडीचा. याचाच नाय. मी किमयेच्या अक्षरांवरून ऐकायचा प्रयत्न केला. फाटलेला आवाज मला नीट लावता येईना. अॅपमध्ये तो नाय.

प्रणितनं त्याच्याकडचं पुसून टाकलं, मला दाखवून. पण खरं सांगतो, ते गेलेलं नाय. माणगावच्या साऊंडवाल्याकडं हाय, रोह्यात दोघांकडं हाय, कोणी कोणाला दिलं ते पण आता कळत नाय. तू कुठं ना कुठं गात राहशील, मी किंवा प्रणितनं काय केलं तरी. पुढं कोणी असा झोपला तर तुला पुन्हा जावं लागेल. तुला ते माहीत हाय असं किमया लिहिते. "मंग पिंप घेऊन फिरावं लागंल," म्हणालीस म्हणे. आणि या महिन्याच्या शेवटी आपल्याच गावातली हळद घेतलीस, समोर बसून गायची, हे पण लिहिलंय. बरं झालं.

शेवटचं लिहितो. हळद संपताना तू थांबलीस आणि कोणी कधी न ऐकलेली ओळ म्हटलीस. बायकांना मागं म्हणता येईना, कारण माहीतच नव्हती:

जो नाय समोर, नि नाय गेला बी कुठं,
त्याचं ताट गो झाकून ठेवा.

माझं नाव घेतलं नाहीस. बरोबर केलंस. मग सगळ्यांचं झाल्यावर एक ताट वाढायला लावलंस, त्यावर दुसरं उपडं घातलंस, आणि ते मांडीवर घेऊन टेम्पोत बसलीस. खिंडीच्या वळणांवर सांडू नये म्हणून प्रणितला हळू चालवायला लावलंस. घरी आणून चुलीजवळ ठेवलंस. कुणाला हात लावू दिला नाहीस. दुसऱ्या दिवशी वास यायला लागला तेव्हा किमयेनं तुला न विचारता कोंबड्यांना घातलं, आणि तू तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस.

तिला बोलू नको. कोंबड्यांनी तरी खाल्लं.

पण या महिन्याच्या हळदीला ठेवशील तर भात ठेवू नको, या दिवसांत तो आंबतो. तांदळाची भाकरी ठेव आणि सुकट. भाकरी दुसऱ्या दिवशी पण चालते, आणि इथून गाडी पनवेलला पोचायला तेवढाच वेळ लागतो.

हरेश